आर्दुइनो उनो कमी पडतोय? नवा बोर्ड घेण्याआधी हे बघा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने तापमान नोंदवणारा डेटा लॉगर बनवला होता. आर्दुइनो उनो, छोटा ओएलईडी डिस्प्ले आणि एसडी कार्ड, एवढंच. वेगवेगळं तपासलं की सगळं मस्त चालायचं. एकत्र जोडलं की डिस्प्ले काळा, नाहीतर बोर्ड आपोआप रीसेट! दोन रात्री आम्ही वायरी बदलत बसलो. दोष वायरींचा नव्हताच.

उनोमधल्या ८-बिट एटीमेगा३२८पी चिपमध्ये रॅम असते फक्त २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. १२८×६४ पिक्सेलच्या डिस्प्लेचं चित्र साठवायला १०२४ बाइट लागतात. एसडी कार्डची लायब्ररी ५१२ बाइटचा बफर ठेवते. उरले ५१२, आणि त्यात बाकीचं सगळं. गंमत म्हणजे डिस्प्लेची जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर घेतली जाते, त्यामुळे कंपाइल करताना दिसणाऱ्या आकड्यात ती नसतेच. आम्ही तोच आकडा बघून निर्धास्त होतो.

म्हणून आधी नेमकं काय कमी पडतंय ते शोधा. थोडीच रॅम कमी पडत असेल तर सिरीयल प्रिंटमधला मजकूर एफ() मध्ये टाका. तो फ्लॅशमध्येच राहतो, रॅम वाचते आणि खर्च शून्य. मेगाहर्ट्झला मात्र भुलू नका. मिनिटाला एकदा तापमान वाचायला उनोचे १६ मेगाहर्ट्झ भरपूर झाले.

रॅम खरंच जास्त हवी असेल तर ३२-बिटकडे वळा. रास्पबेरी पाय पिकोमध्ये २६४ केबी रॅम आहे. वायफाय हवं असेल तर ईएसपी३२ घ्या, त्यात ५२० केबी रॅम आणि २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग मिळतो. दोन्ही बोर्ड आर्दुइनो आयडीईमधूनच प्रोग्राम होतात.

आम्ही ईएसपी३२ घेतला. पिन नंबर बदलले आणि कोड जवळजवळ तसाच चालला. पण एक सांभाळा: हे दोन्ही बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतात. एचसी-एसआर०४ सारख्या सेन्सरचा ५ व्होल्टचा सिग्नल थेट पिनला दिला तर पिन जळू शकते, मध्ये दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर लावा. आणि बॅटरीवर चालवणार असाल तर ईएसपी३२ चं डीप स्लीप आधी शिकून घ्या, कारण वायफाय चालू ठेवलं की बॅटरी भराभर उतरते.