नाव यादीत, मत यंत्रात: जोयड्याच्या मतदाराचे काही गैरसमज

काळी नदीच्या खोऱ्यात आज जेथे सुपा धरणाचा विस्तीर्ण जलसंचय दिसतो, तेथे पूर्वी तालुक्याची कचेरी, बाजारपेठ आणि देवळे असलेले सुपा हे नांदते गाव होते. 1951-52 साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात मोडत असे. आणि ज्या स्त्रीपुरुषांनी त्या वेळी आयुष्यात प्रथमच मत दिले, त्यांनी मतपत्रिकेवर शिक्का मारला नव्हता, तर प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह डकवलेले, अशा पेट्यांच्या रांगेतून आपल्या पसंतीची पेटी निवडून तीत आपला कागद टाकला होता. पुढे 1956 साली हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, धरणाच्या पाण्याखाली सुपा बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, अनेक पेट्यांची एक पेटी झाली आणि त्या पेटीच्या जागी यंत्र आले. पद्धती पालटल्या, पण मतदानाविषयीच्या समजुती मात्र चुलीपाशी आणि पारावर एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिल्या, आणि अलीकडे मोबाईलवरून येणाऱ्या अर्धसत्यांची त्यांत भर पडली. त्यांतील ज्या समजुतींनी या रानातल्या मतदाराचे प्रत्यक्ष नुकसान होते, त्यांचाच येथे विचार करावयाचा आहे.

सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक समजूत ही की, छायाचित्राचे ओळखपत्र खिशात असले म्हणजे मताचा हक्क आपल्या हाती आला. वस्तुस्थिती अशी की हक्काचे मूळ ओळखपत्रात नसून मतदारयादीत आहे. ओळखपत्र केवळ ‘यादीतला तो मीच’ एवढीच साक्ष देते, आणि ते हरवले असले तरी आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे अथवा टपाल खात्याचे पासबुक यांसारख्या मान्य दस्तऐवजांपैकी एखादा दाखवून मत देता येते. उलट ओळखपत्र असूनही यादीत नाव नसेल, तर केंद्राध्यक्षाची कितीही सहानुभूती असली तरी तो मत देऊ देऊ शकत नाही. घरपोच मिळणारी मतदार चिठ्ठी हीदेखील ओळखीचा पुरावा म्हणून 2019 पासून स्वीकारली जात नाही. यादीचे हे माहात्म्य पहिल्याच निवडणुकीत दिसून आले होते: ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव सांगण्यास ज्यांनी संकोच केला, अशा सुमारे 28 लाख स्त्रियांची, बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील, नावे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत यादीतून वगळावी लागली.

जोयड्यासारख्या तालुक्यात या गोष्टीला विशेष धार येते, कारण येथला माणूस एका जागी राहिला असे फार थोड्या कुटुंबांच्या बाबतीत म्हणता येईल. धरणाने उठवलेली घरे रामनगरास वसली. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून मोबदला घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे अन्यत्र विसावली. मुली खानापुरास, हल्याळास, गोव्यात दिल्या गेल्या. आणि कुणबी वाड्यांतील कितीतरी तरुण रोजगारासाठी घाट उतरून गोव्यात जातात. अशा मंडळींत दोन परस्परविरुद्ध समज आढळतात. एक असा की, ज्या गावी आपले घर आणि जमीन आहे त्या गावी आपले मत आपोआप असतेच. कायदा तसे म्हणत नाही; घराची मालकी म्हणजे सामान्य वास्तव्य नव्हे, असे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. दुसरा असा की, चार महिने कामासाठी बाहेर गेले की गावचे मत बुडाले. तेही खरे नाही, कारण त्याच कलमात तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे वास्तव्य संपत नाही असेही म्हटले आहे. जो कायमचा हलला त्याने नमुना 8 भरून नाव नव्या ठिकाणी न्यावे, जो परत येणार आहे त्याने निश्चिंत राहावे, आणि ‘दोन्हीकडे असले तर काय बिघडते’ असे मानून दोन याद्यांत नाव कोणीच ठेवू नये, कारण ते बेकायदा आहे आणि त्यासाठी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. गोव्यात कामावर असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी, जी त्यांचे मुकादम त्यांना क्वचितच सांगत असतील: लोकसभा व विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मताधिकार असलेल्या कामगारास, मग तो रोजंदारीवर का असेना, पगारी सुटी देणे मालकावर बंधनकारक आहे.

नाव नसेल तर काय करावे, याविषयी दर निवडणुकीच्या हंगामात एक संदेश मोबाईलवर फिरत असतो, आणि सुशिक्षित माणसेही त्यावर विश्वास ठेवतात. त्यात म्हटलेले असते की, यादीत नाव नसले तरी आधार दाखवून ‘आव्हानित मत’ मागता येते, आणि एखाद्या केंद्रावर 14 टक्क्यांहून अधिक प्रदत्त मते पडली तर तेथे फेरमतदान होते. यातील एकही विधान खरे नाही. आव्हान म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीने, दोन रुपये अनामत ठेवून, एखाद्या मतदाराच्या ओळखीविषयी घेतलेली हरकत. यादीबाहेरच्या माणसाला आत घेण्याचा तो दरवाजा नव्हे. प्रदत्त मत मात्र खरोखर अस्तित्वात आहे: आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असे आढळले, तर 1961 च्या निवडणूक नियमांतील 49-पी अन्वये केंद्राध्यक्षाने ओळख पटवून घेऊन त्या मतदारास कागदी मतपत्रिका द्यावयाची असते. ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि सामान्य मोजणीत धरली जात नाही; परंतु निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेल्यास तिला पुराव्याचे मोल येते. म्हणून आपले मत दुसऱ्याने दिले असे कळताच मुकाट्याने परत फिरणे ही मोठी चूक होय.

आता ज्या शंकेने छोट्या वाडीतला माणूस खरोखर अस्वस्थ होतो, तिच्याकडे वळू. कोणास मत दिले ते पुढाऱ्यांना कळते, अशी त्याची धारणा असते, आणि ही धारणा निव्वळ भ्रम म्हणून झिडकारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. व्यक्तीपुरते पाहिले तर गुप्तता पक्की आहे: यंत्राशेजारच्या काचेआड सात सेकंद दिसणाऱ्या पावतीवर उमेदवाराचा अनुक्रम, नाव आणि चिन्ह एवढेच असते, मतदाराचे नाव नसते, आणि गुप्ततेचा भंग करणारा मतदान अधिकारी 1951 च्या कायद्याच्या 128 व्या कलमाखाली दंडास पात्र ठरतो. परंतु मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे जाहीरही होतात. त्यामुळे ज्या केंद्रावर एक-दोन वाड्यांचेच मतदार आहेत, तेथे त्या वाड्यांचा कल उघड होतो. मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांतील कागद मोजण्यापूर्वी एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्रांमुळे ती नाहीशी झाली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारे साधन वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 साली मांडला, विधी आयोगाने 2015 च्या आपल्या 255 व्या अहवालात त्याला दुजोरा दिला, पण तो अमलात आला नाही. दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये म्हणून रानात छोटी केंद्रे उघडणाऱ्या, गीरच्या अरण्यात बाणेज येथे एका मतदारासाठी केंद्र मांडणाऱ्या व्यवस्थेने त्याच छोट्या केंद्रांच्या गुप्ततेची इतकी चिंता का वाहू नये, हे मला आजवर उमगलेले नाही. तरीही मतदाराने एवढे निश्चित जाणावे की वाडीचा कल कळला तरी वाडीतल्या कोणी कोणते बटन दाबले हे कोणासही कळत नाही, आणि ‘आम्हांला समजते’ असे बजावणारा माणूस केवळ भीती विकत असतो. मत न दिल्यास रेशन बंद होते किंवा यादीतून नाव जाते, ही धमकीही त्याच जातीची आहे. मतदान आपल्याकडे सक्तीचे नाही, आणि न दिलेल्या मताबद्दल कोणतीही शिक्षा नाही.

निवडून येण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात हा समज शाळकरी वयापासून चिकटलेला असतो. आपल्या लोकसभेस आणि विधानसभेस ज्यास सर्वाधिक मते पडली तो विजयी, मग ती एकूण मतांच्या चाळीस टक्केच का असेनात. 2008 च्या पुनर्रचनेपूर्वी जोयडा तालुका कारवारच्या विधानसभा मतदारसंघात होता. तेव्हापासून तो हल्याळ मतदारसंघात आहे, आणि 2023 साली तेथे काँग्रेसचे आर. व्ही. देशपांडे साडेतीन हजारांच्या आसपास मताधिक्याने विजयी झाले तेव्हा भारतीय जनता पक्ष व जनता दल या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांहून बरीच अधिक होती. यात गैर काही नाही. कायदाच तसा आहे. पण साडेतीन हजार म्हणजे जोयड्यातील थोड्याशा केंद्रांवरची मते, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘आमच्या वाडीच्या चाळीस मतांनी काय होते’ हा प्रश्न फोल ठरतो. याच कर्नाटकात 2004 साली संतेमरहळ्ळीची जागा एका मताने जिंकली गेली. आणि मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकून निर्णय करतात, जसा मुंबई महानगरपालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात 2017 साली झाला.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटनाविषयीचा घोटाळा सीमाभागात अधिक होतो, आणि त्याला कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निर्णयाने हे बटन यंत्रावर आले. परंतु लोकसभा-विधानसभेत त्यास सर्वांहून अधिक मते पडली तरी निवडणूक रद्द होत नाही, उमेदवारांपैकी पहिला तोच निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र 2018 साली स्थानिक संस्थांपुरता असा आदेश काढला की, त्या बटनास सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या सोयऱ्यांकडून ऐकलेला तो नियम आपल्याकडेही लागू आहे असे येथला मतदार मानतो. राज्य वेगळे, निवडणूक वेगळी, म्हणून नियमही वेगळा.

सरपंचाच्या बाबतीतही असेच होते. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडलेला पाहून लोक येथेही तशी अपेक्षा करतात; कर्नाटकात ग्रामपंचायतीचा अध्यक्ष निवडून आलेल्या सदस्यांतून ठरतो, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. ती केंद्रीय आयोग घेतही नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्यास स्वतंत्र आयोग दिला, आणि 2020 च्या डिसेंबरातील ग्रामपंचायत निवडणुकीत बिदर वगळता सर्वत्र कागदी मतपत्रिकाच होत्या. कर्नाटकाच्या विधान परिषदेतील 75 पैकी 25 सदस्य स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी निवडतात, आणि त्या मतदारांत ग्रामपंचायत सदस्यही असतात. महाराष्ट्रात तो मान त्यांना नाही. म्हणजे डिग्गीच्या किंवा कुंभारवाड्याच्या पंचायतीत कोणास धाडावयाचे हे ठरवताना आपण बंगळुरास कोण बसणार यातही वाटेकरी होत असतो.

राखीव जागेसाठी फक्त त्या समाजानेच मत द्यावयाचे असते, हाही गैरसमजच: उमेदवार त्या समाजाचाच असतो, मतदार मात्र सगळे असतात. स्वतंत्र मतदारसंघांची कल्पना 1932 च्या येरवड्याच्या कराराने अस्पृश्यांपुरती मागे पडली आणि राज्यघटनेने ती सर्वांसाठीच संपवली. अनामत जप्त होण्याचा हिशेबही लोक चुकीचा सांगतात: वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जाते. 1996 साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहून मतपत्रिकेची जणू पुस्तिका झाली, त्या वर्षी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत होती अवघी 500 रुपये. त्याच वर्षी ती वाढवण्यात आली आणि आज लोकसभेसाठी 25,000 रुपये आहे.

रस्ता नाही, पूल नाही, म्हणून मतदानावर बहिष्कार टाकण्याची भाषा या तालुक्यात अधूनमधून उठते. त्या त्राग्यामागची वेदना मी नाकारत नाही. पावसाळ्यात आजारी माणसास डोलीतून न्यावे लागते त्या घरी जाऊन कोणी उपदेश करू नये. परंतु किमान इतके टक्के मतदान झाले पाहिजे अशी अट कायद्यात कोठेही नाही, त्यामुळे गावाने पाठ फिरवली तरी निकाल लागायचा तो लागतोच, आणि त्या केंद्राचा शून्य हा आकडा पुढल्या पाच वर्षांत कोणाही उमेदवारास भय घालीत नाही.

ज्या वृद्धांना केंद्रापर्यंत चालवत नाही, त्यांना लोकसभा-विधानसभेच्या मतदानासाठी एक सोय झाली आहे: 85 वर्षांवरील मतदार आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार नमुना 12-डी भरून घरीच टपाली मत देऊ शकतात, पण तो अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. नवमतदारासाठी आता वर्षात 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. म्हणून भातलावणी उरकली की आपल्या केंद्राच्या मतदारयादी अधिकाऱ्याकडे एकदा जावे, स्वतःचे, सुनेचे, नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलाचे नाव डोळ्यांनी पाहावे, आणि नसेल तर तेथेच अर्ज द्यावा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत एकाही नव्या नावाची भर पडत नाही.