उभ्या गाडीचे दार आणि सायकलस्वाराचा हक्क

रात्रपाळी संपवून वॉचमन सायकलने घरी निघालेला असतो. डाव्या कडेला उभ्या गाड्यांची रांग असते. त्यातल्या एकीचे दार अचानक उघडते. ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. दाराची कड हँडलला लागते, हँडल फिरते आणि माणूस उजवीकडे, म्हणजे नेमका चालत्या वाहनांच्या बाजूला फेकला जातो. गाडीवाला खाली उतरतो. तो आधी दाराला आलेला पोचा पाहतो, मग माणसाकडे पाहतो. "बघून चालवता येत नाही का?" चार माणसे जमतात, पाचशेची नोट पुढे होते आणि आपला माणूस कपडे झटकून, सायकल ढकलत घरी येतो. रात्री त्याचा खांदा हलत नाही.

वर्तमानपत्र टाकणारी मुले, दूधवाले, शाळेत जाणाऱ्या मुली, कारखान्यातले कामगार यांच्यापैकी कुणावरही ही वेळ येऊ शकते. पण अशा प्रसंगाला अपघात म्हणावे, असे आपल्याला वाटतच नाही. गाडी तर उभी होती ना! आपली पहिली चूक इथेच होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वाहनाच्या 'वापरातून' झालेल्या अपघाताची भरपाई मागता येते. मग उभी गाडी वापरात असते का? हा प्रश्न आपल्याच सातारा जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर कडेला उलटला, काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि जमलेले लोक भाजले. टँकर निश्चल पडून होता, तेव्हा तो वापरात नव्हता, असा बचाव झाला. १९९१ साली न्यायालयाने तो फेटाळला. 'वापर' या शब्दाचा अर्थ व्यापक आहे, वाहन थांबलेले असतानाही ते वापरात असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. गाडी कडेला लावून दार उघडणे, उतरणे हा तर गाडीच्या रोजच्या वापराचाच भाग आहे.

फौजदारी कायद्यातही उभ्या गाडीची सबब चालत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ फक्त वाहन चालवण्यापुरते नाही. दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका होईल अशी कोणतीही बेदरकार किंवा निष्काळजी कृती त्यात येते. हाड मोडणे वा निखळणे ही कायद्याने 'गंभीर दुखापत' ठरते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आता शरीराकडे वळू. दारावर आदळून पडणारा माणूस हात पुढे करतो, त्यामुळे मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडण्याचा धोका मोठा असतो. ही दुखापत निदान कळते तरी. पोटात घुसलेल्या हँडलची इजा मात्र फसवी असते. वरून थोडे खरचटलेले दिसते, पण आत प्लीहा किंवा यकृत फाटून हळूहळू रक्त साचत असते. डोक्याचेही तसेच आहे. पडल्यावर माणूस व्यवस्थित बोलतो, चहा घेतो आणि काही तासांनी गुंगीत जातो. वाढती डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, आकडी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणे, पोट दुखून कडक होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. सुजलेल्या खांद्याला तेल लावून चोळणे आधी थांबवा. एक्स-रे होईपर्यंत हात गळ्यात बांधून ठेवा. जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

१०८ ला फोन करा. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. तातडीचे उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. मोटार वाहनामुळे जखमी झालेल्यांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळतात. रुग्णालयात या योजनेचे नाव घेऊन विचारा.

डॉक्टर विचारतात, "काय झालं?" आपला माणूस संकोचाने सांगतो, "सायकलवरून पडलो." केसपेपरवर तेच लिहिले जाते आणि वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो. म्हणून पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा: "उभ्या गाडीचं दार उघडलं, ते लागून पडलो." एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करायला सांगा. गाडीचा नंबर, उघडे दार आणि वाकलेली सायकल यांचा फोटो कुणालाही काढायला लावा. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. त्यासाठी अपघात झाला त्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. मुदत मात्र सहा महिन्यांची आहे. गाडीवाल्याची चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळण्याचीही तरतूद आहे. पण ती रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

"माझ्याकडे पगाराची पावती कुठे आहे?" म्हणून कित्येक जण मागे फिरतात. पावती नसली तरी न्यायालय कामाच्या स्वरूपावरून, किमान वेतनाच्या आधारे उत्पन्न धरते. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांचे अपंगत्व कागदावर सारखे असले, तरी कमाईचे नुकसान सारखे नसते. सुताराचे ते जवळजवळ शंभर टक्के असू शकते. हातावर पोट असलेल्याने हे न्यायाधिकरणापुढे ठासून मांडले पाहिजे.

यासाठी वकील हवा आणि तो आपल्याला फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोणत्याही स्त्रीलाही मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले म्हणून हा हक्क जात नाही. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. रुग्णालयाच्या दारात टक्केवारीवर केस घेणारे भेटतात, त्यांना कागद देऊ नका. प्रकरण लोकअदालतीत गेले तर आकडा नीट वाचा. तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही.

सायकल चालवताना उभ्या गाड्यांपासून दार पूर्ण उघडेल एवढे, निदान एक मीटर, अंतर ठेवा. मागून हॉर्न वाजला म्हणून दारांच्या जवळ सरकू नका. आता आपल्यातही पुष्कळांकडे गाड्या आल्या आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे, तेव्हा त्यांच्यासाठीही एक सूचना. दाराजवळच्या हाताने नव्हे, लांबच्या हाताने दार उघडा. उजवीकडे बसलेल्या चालकाने डाव्या हाताने उघडले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समधली ही पद्धत ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत घेतली. रिक्षाची वा टॅक्सीची वाट अडवून उतरणाऱ्यांनी, डाव्या दाराने उतरताना उजवा हात वापरावा, कारण कडेच्या फटीतूनही सायकल येते. रविवारी वंदनेला विहारासमोर गाड्या लागतात आणि आपलीच मुले त्या रांगेजवळून सायकली पळवत असतात. मागे बसलेल्या लहानांना दार उघडू न देता मोठ्यांनी आधी उतरून ते उघडावे.