संगणकाची दुखणी आणि काळ्या मातीचे विज्ञान

संगणकाच्या पत्र्याच्या डब्याला मागच्या बाजूने हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. दुरुस्तीवाला येतो, दोन-चार स्क्रू घट्ट करतो आणि ‘पायात चप्पल घालून बसत जा’ असा सल्ला देऊन निघून जातो. सल्ला अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो दुखण्यावरचा इलाज नव्हे, दुखणे जाणवू नये यासाठीची सोय आहे. या झिणझिण्यांचे मूळ संगणकात थोडे आणि घराबाहेरच्या जमिनीत अधिक असते. वाशीम जिल्ह्यापुरते बोलायचे, तर त्या जमिनीची कथा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जाते.

आधी संगणकाकडे पाहू. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह संगणकाला थेट चालत नाही. डब्यात वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात बसवलेला पुरवठा संच, म्हणजे एसएमपीएस, त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. या संचात निर्माण होणारा विजेचा गोंगाट बाहेर पसरू नये म्हणून फेज आणि पत्रा, तसेच न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल, तर पत्रा दोन्ही कपॅसिटरच्या मधोमध लोंबकळतो आणि त्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब दिसू लागतो. प्रवाह बहुधा एक मिलिअँपिअरहून कमी असतो, म्हणून जिवावर बेतत नाही. नुसत्या झिणझिण्या येतात. मात्र या झिणझिण्या ‘घरात अर्थिंग नाही’ अशी सूचना देत असतात. उद्या त्याच संचातील एखाद्या तारेचे वेष्टण वितळले, तर पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्यांना वाट मिळेल ती हात लावणाऱ्याच्या शरीरातूनच.

अर्थिंग नाही म्हणजे खड्डाच खणलेला नाही, असे नेहमीच नसते. पुष्कळदा घर बांधताना ते केलेले असते. उन्हाळ्यात ते काम करीत नाही, इतकेच. इथे काळी माती आडवी येते. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर साचले, त्यांचा बेसाल्ट खडक झाला आणि त्याची झीज होऊन कापसाची काळी जमीन तयार झाली. (याच बेसाल्टवर पुढे उल्का आदळून शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर झाले.) या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडून गेले की आक्रसते. कारंजा-मानोऱ्याकडे वा रिसोड-मालेगावकडे एप्रिल-मे महिन्यांत शेतात पडणाऱ्या भेगा याच आक्रसण्यातून होतात. तीच भेग अर्थिंगच्या पाइपाभोवतीही पडते. धातू आणि माती यांचा स्पर्श सुटतो. शिवाय कोरडी माती वीज वाहून नेत नाही, कारण मातीतील वहन हे ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे होत असते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग वैशाखात निरुपयोगी ठरते, त्याचे कारण हे आहे.

जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालीत, त्यामागे शास्त्रच होते. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ आयन पुरवते. मीठ मात्र दर पावसाळ्यात थोडे थोडे वाहून जाते. म्हणून ते काही वर्षांनी नव्याने घालावे लागते आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी ओतावे लागते. फेज दाखवणारा साधा टेस्टर अर्थिंगचा दर्जा सांगू शकत नाही. वायरमनकडे अर्थ टेस्टर असेल, तर त्याने मोजणी भर उन्हाळ्यात करून घ्यावी, पावसाळ्यातल्या मोजणीवर विसंबू नये. सोबत ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवला, तर गळती होताच तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. काही जण खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगचे टोक एका तारेने जोडून देतात. हा प्रकार निव्वळ जीवघेणा आहे. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला, की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर, फ्रिजवर आणि कूलरवरही, फेजचा दाब येतो. थ्री-पिन प्लगमधील वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते ती विनाकारण नव्हे. प्लग लावताना अर्थिंग आधी जुळावे आणि काढताना शेवटी सुटावे, यासाठी ती लांब ठेवलेली असते. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवण्याची हौस आवरावी.

उन्हाळा सरता सरता वीज येते. विजेच्या लोळाच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. हवा एकाएकी प्रसरण पावते आणि गडगडाट होतो. ध्वनीला एक किलोमीटर कापायला जवळपास तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांचे अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरवर पडली आहे. संगणकाचा प्लग काढण्याची वेळ तीच. वीज डोक्यावर आल्यावर तारांना हात लावण्यात अर्थ नाही आणि धोका आहे. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण कोरड्या हवेतील एक मिलिमीटरची फट ओलांडायला सुमारे ३ हजार व्होल्ट पुरतात आणि बटणातील फट काही मिलिमीटरचीच असते. खांबांवरील तारांतून धावणाऱ्या लाटेला ती अडवू शकत नाही. दुसरे असे की, ही लाट विजेच्या तारेप्रमाणेच इंटरनेटच्या तांब्याच्या तारेने किंवा डिशच्या केबलनेही घरात शिरते. प्लग काढला आणि नेटवर्कची तार तशीच राहिली, तर मदरबोर्ड जळालेला सापडतो. काचतंतूची केबल या बाबतीत सुरक्षित आहे, कारण काच वीज वाहत नाही. पण घरातील राउटर ते संगणक ही तार तांब्याचीच असते. ‘स्पाइक गार्ड’मधील वेरिस्टर प्रत्येक मोठ्या लाटेबरोबर थोडा थोडा निकामी होतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा स्पाइक गार्ड म्हणजे बहुतेक वेळा साधा जोडबोर्डच.

संगणकापेक्षा माणूस महत्त्वाचा, हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. ते शेतात जाणाऱ्याच्या खिशात असलेले बरे, आणि तीच सूचना पाहून घरातील प्लगही काढता येतो.

उष्णतेचे दुखणे याहून संथ. संगणक तासाभराने आपोआप बंद पडत असेल, तर विषाणूचा संशय घेण्यापूर्वी डबा उघडून पाहावा. प्रोसेसरवरील पंख्याच्या पात्यांत आणि अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांत धूळ व कापसाचे तंतू यांची गादी तयार झालेली असते. पंखा हवा थंड करीत नाही, ती फक्त हलवतो. खोलीत ४२ अंश असतील, तर प्रोसेसर ४२ च्या खाली जाणे शक्यच नाही. शंभर अंशांच्या आसपास तो स्वतःला सावरण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. हा बिघाड नव्हे, हे स्वसंरक्षण आहे. मऊ ब्रशने धूळ झटकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये; त्या झोतातील सूक्ष्म थेंबांबरोबर आलेले बोअरच्या पाण्यातील क्षार मदरबोर्डवर साचतात. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांतच का बसते, याचेही उत्तर उन्हाळ्यातच आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य तापमानातील दर ८ ते १० अंशांच्या वाढीला जवळपास निम्मे होते.

याच संदर्भात एक गमतीची बाब आहे. विजेचा दाब उतरला की जुना बल्ब मंदावतो, पंखा रेंगाळतो. संगणक मात्र त्याच वेळी अधिक प्रवाह ओढतो. एसएमपीएसला ठरावीक शक्ती हवी असते, दाब कमी झाला की ती प्रवाहातून भरून काढावी लागते. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर प्रवाह पाव पटीहून अधिक वाढतो आणि त्याबरोबर संचाची उष्णताही.

सकाळी संगणक सुरू करावा आणि पडद्यावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसावी, हा अनुभव पुष्कळांना येतो. पाठोपाठ बँकेचे संकेतस्थळही ‘प्रमाणपत्र वैध नाही’ असे सांगून उघडण्यास नकार देते. यात इंटरनेटचा दोष नाही. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते; २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. या सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो. तोच एक सेकंद. दाबाने स्फटिकात वीज निर्माण होते, हे १८८० मध्ये पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी दाखवले होते. असा स्फटिक २५ अंशांच्या सुमारास सर्वांत अचूक असतो. ४५ अंशांच्या खोलीत तो दिवसाला सुमारे एक सेकंद मागे पडतो.

सर्वांत हळवा अवयव हार्ड डिस्क. सेकंदाला १२० फेरे घेणाऱ्या तबकडीची कड ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने धावत असते आणि वाचणारे शीर्ष तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर हवेच्या थरावर तरंगते. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीविषयी ती अधांतरी असल्याची श्रद्धा जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या आहे. घरातल्या डब्यात एक अधांतरी वस्तू रोज तासन्‌तास काम करते, याची जाणीव मात्र क्वचितच असते. भारनियमनाच्या काळात वीज अचानक गेली, तरी हे शीर्ष तबकडीवर कोसळत नसे, कारण फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच वीज मिळवून ते बाजूला नेऊन ठेवण्याची व्यवस्था असते. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र बिघडते. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर ‘फॉरमॅट’ मारण्याचा मोह टाळून आधी सातबारा, गुणपत्रिका, लग्नाची छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. अशी डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. बाहेर काढताच तिच्यावर बाष्प धरते आणि उरलीसुरली आशाही संपते. नव्या एसएसडीत फिरणारे काही नाही, तरी विदा त्यात विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे न जोडता तापलेल्या कपाटात ठेवल्यास तीही विरू शकते.

डब्यात मुंग्या शिरतात, पाली शिरतात. काही जातींच्या मुंग्यांना विजेचा झटका बसला की त्या धोक्याचा गंध सोडतात आणि त्या गंधाने आणखी मुंग्या गोळा होतात. त्यामुळे एका सॉकेटमध्ये शेकडो मेलेल्या मुंग्या सापडतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ संगणकाच्या रिलेत अडकलेला पतंग काढून नोंदवहीत चिकटवला गेला, तो आजही जपून ठेवलेला आहे. बिघाडाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याहून जुनी आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

सगळे ठीक असूनही संगणक अडतो आणि बंद करून पुन्हा सुरू केला की चालतो, याचे कारण बहुतेकदा स्मृतीत साचलेला गोंधळ असतो. क्वचित कारण आकाशातलेही असू शकते. २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबीक येथे एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जादा दाखवली. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतील एकच बिट उलटले होते. वैश्विक किरणांवर संशय घेतला गेला, सिद्ध काही झाले नाही.

सुरू करताना पडदा काळा आणि डब्यातून लांब ‘बीप’ येत असतील, तर बहुधा रॅमची पट्टी सैल असते. प्लग काढावा, पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंचे चिमटे लागेपर्यंत दाबून बसवाव्यात. हिवाळ्यातील कोरड्या हवेत हे अधिकच जपून करावे. माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तो सुमारे ३ हजार व्होल्टला, चिप त्याच्या कितीतरी आधी, चटका न जाणवताच खराब होऊ शकते.

राहता राहिली एक तक्रार, तिचा विजेशी संबंध नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेली मराठी फाइल आज उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नाही, विषाणूही नाही. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचे तुकडे बसवीत. फॉन्ट गेला की आतले क्रमांक उघडे पडतात. युनिकोडने १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ स्वतंत्र जागा दिल्या आणि ही अडचण नव्या मजकुरापुरती संपली. जुन्या मजकुरासाठी तो ज्या फॉन्टमध्ये लिहिला होता त्याचे नाव शोधून त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरावा लागतो, आणि त्यानंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.