टाकलेलं काढताना

तळेगाव स्टेशनकडून इंद्रायणी ओलांडून आंबीत शिरलं की थोड्याच अंतरावर एमआयडीसी सुरू होते आणि ती नवलाख उंबऱ्याच्या माळापर्यंत पसरत जाते. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली इथेच सुरू झाला, 2020 च्या अखेरीस त्यातलं उत्पादन थांबलं आणि पुढे तो ह्युंदाईने घेतला. मोठी कंपनी आली-गेली तरी तिच्या आधाराने उभी राहिलेली लहानमोठी वर्कशॉपं चालूच असतात. त्यातल्या कुठल्याही फिटरला विचारा, सगळ्यात डोकेदुखीचं काम कोणतं? गंजून बसलेला किंवा डोकं झिजलेला ॲलन बोल्ट काढणं, असंच उत्तर येईल. आधी चावीवर हातोडीचा ठोका. नाही निघाला तर ईझी-आऊट. तेही फिरलं तर ड्रिल. आणि अगदीच हट्टाला पेटला तर वर नट वेल्ड करून, गॅस मारून, तेल सोडून त्याला फिरवायचं.

हाडांच्या डॉक्टरांपुढे कधी कधी नेमकी हीच अडचण असते, फक्त गॅस, वेल्डिंग आणि तेल त्यांना वर्ज्य असतं. बोल्ट ज्यात रुतलाय ते ओतीव लोखंड नसून जिवंत हाड असतं, शेजारी नस असते, आणि बिघडलेला जॉब भंगारात टाकायची सोय नसते. या लेखाचा विषय हाच: हाडात बसवलेल्या सळ्या, पट्ट्या, स्क्रू आणि कृत्रिम सांधे बाहेर काढायची हत्यारं.

मावळात हा विषय दूरचा नाही. एका बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या बाजूला 2002 मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, तिसरीकडे तळेगाव-चाकण रस्ता आणि त्याचे खड्डे. शिवाय कारखान्यांच्या पाळ्या सुटताना होणारी दुचाक्यांची झुंबड. गावोगावी कुणाच्या ना कुणाच्या पायात ‘रॉड’ असतो. वर्ष-दीड वर्ष उलटलं की घरात एकच प्रश्न सुरू होतो: ‘रॉड काढायचा का?’ तळेगावात 1995 पासून मायमर हे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेलं भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या हाडांच्या ओपीडीतही हा प्रश्न नवा नसणार.

उत्तर मात्र लोकांना वाटतं तसं सरसकट नाही. लहान मुलांच्या हाडांतल्या लवचीक सळ्या बहुधा काढतात, कारण हाड वाढत असतं. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू कातडीखाली टोचू लागला, सळई तुटली, तर काढावंच लागतं. पण मोठ्या माणसाला काही त्रास नसेल तर धातू तसाच राहू दिला तरी बिघडत नाही. उलट हाताच्या पट्ट्या घाईने काढल्या तर स्क्रूच्या भोकांपाशी हाड पुन्हा मोडू शकतं. दंडाची पट्टी काढताना तर रेडियल नर्व्ह आडवी येते आणि तिला धक्का लागला तर मनगट लुळं पडतं. ‘काढून टाकू एकदाचं’ हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं ते ऑपरेशन सोपं नसतं. पुष्कळ जाणते सर्जन सांगतात की, बसवण्यापेक्षा काढण्याच्या केसच्या आदल्या रात्री जास्त विचार करावा लागतो.

गंमत अशी की, हाडाला पट्टी लावण्याची सुरुवातच काढण्याचा विचार करून झाली होती. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी 1886 मध्ये आपली पट्टी प्रसिद्ध केली, तेव्हा तिचं एक टोक काटकोनात वाकवून कातडीबाहेर ठेवलं होतं आणि स्क्रूंचे लांब दांडेही बाहेर डोकावत होते. चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा चिरा न देता सगळं बाहेरून काढता यावं म्हणून. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने ही रचना धोक्याचीच, आणि ती टिकली नाही. पट्टी पूर्ण आत गेली, कातडी शिवली गेली, धातू सुधारला. काढण्याचा विचार मात्र आराखड्यातून निसटला तो निसटलाच. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तेरा सर्जननी एओ हा गट स्थापन केला आणि रॉबर्ट माथिस या कारागिराच्या मदतीने स्क्रू, पट्ट्या, पाने यांचा एकमेकांशी जुळणारा संच उभा केला. स्क्रूच्या डोक्यावरची साधी खाच जाऊन षट्कोनी खोबण रुळली. आज आपण ऑपरेशन थिएटरात जे ट्रे पाहतो त्यांचं मूळ तिथे आहे. तो संच जोडण्यासाठी अप्रतिम होता. सोडवण्यासाठीचा वेगळा ट्रे बराच नंतर आला.

स्क्रू काढण्याचं काम जवळून पाहिलं तर त्यातली शिस्त लक्षात येते. पट्टी उघडी झाली की घाईने पाना लावायचा नाही. आधी प्रत्येक स्क्रूच्या खोबणीत वाढलेलं मांस आणि हाडाचा चुरा टोकदार आकडीने कोरून काढायचा, कारण पाना अर्धवट बसला की खोबणीच्या कडा गेल्याच म्हणून समजा. मग पाना सरळ रेषेत धरून वरून हलका ठोका द्यायचा, म्हणजे तो तळापर्यंत बसतो. काहीजण उलटा फिरवण्याआधी किंचित आवळतात. धरून बसलेली पकड त्याने मोडते. आणखी एक नियम: एकेक स्क्रू पूर्ण काढत सुटायचं नाही. आधी सगळे थोडेथोडे सैल करायचे, मग बाहेर घ्यायचे. नाहीतर शेवटचा अडकलेला स्क्रू फिरवताना सगळी पट्टीच त्याच्याभोवती गरगर फिरते आणि आजूबाजूचं मांस फाडते.

खोबण झिजलीच तर पुढची पायरी. टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद फाडून तो खोबणीवर ठेवायचा आणि त्यावर पाना दाबायचा. पोकळी भरून पकड येते. फुकटचा उपाय, आणि बऱ्याचदा चालतो. नाही चालला तर उलट्या आट्यांचं शंकूच्या आकाराचं एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे आंबीच्या फिटरचं ईझी-आऊटच. ते डावीकडे फिरवलं की स्वतः खोबणीत रुतत जातं आणि त्याच दिशेने स्क्रू सुटतो. त्यानेही दाद दिली नाही तर कार्बाइडच्या ड्रिलने स्क्रूचं डोकं उडवायचं, पट्टी उचलायची आणि हाडात उरलेला दांडा ग्रिप प्लायरने पकडून फिरवायचा. दांडा हाडाच्या पातळीला तुटला असेल तर पोकळ दंडगोल करवत त्याच्याभोवती फिरवून हाडाची नळकांडी कापायची. या टप्प्यावर खरा त्रास असतो धातूच्या किसाचा. म्हणून जखमेभोवती ओले गॉज लावतात, जेली पसरतात, सलाइनची धार चालू ठेवतात. धार दुहेरी कामाची, कारण ड्रिलखाली तापलेला धातू शेजारचं हाड जाळतो.

साधारण 2000 नंतर लॉकिंग पट्ट्या आल्या आणि हे प्रकरण अधिकच अवघड झालं. या पट्टीत स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते पट्टीच्या भोकातल्या आट्यांत बसतात. ठिसूळ हाडातही पकड सुटत नाही, हा मोठाच फायदा. पण टायटॅनियम टायटॅनियममध्ये घट्ट बसलं की ते वेगळं करताना डॉक्टर ‘कोल्ड वेल्डिंग झालंय’ म्हणतात. खऱ्या वेल्डिंगपेक्षा यात स्क्रू तिरका गेलेला असणं किंवा बसवताना बेसुमार आवळलेला असणं हेच कारण जास्त वेळा सापडतं. 3.5 मिलिमीटरच्या लॉकिंग स्क्रूला 1.5 न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो, आणि तो मोजून सोडणारा टॉर्क पाना त्याच संचात मिळतो. मशीनवर लावलेल्या ड्रायव्हरने सरळ शेवटपर्यंत आवळला तर त्या दिवशी दोन मिनिटं वाचतात. दोन वर्षांनी दुसऱ्याच डॉक्टरचे दोन तास जातात. शिवाय टायटॅनियमवर हाड स्टीलपेक्षा जास्त प्रेमाने चढतं. बसवण्यासाठीचा हा गुण काढताना दोष ठरतो.

सळईची गोष्ट वेगळी. मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई ठोकण्याची पद्धत गेरहार्ट क्युंटशर यांनी कीलमध्ये 1939 साली सुरू केली. युद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले दोस्त राष्ट्रांचे जखमी सैनिक घरी परतले, तेव्हा एक्स-रेमध्ये मांडीभर सळई पाहून तिथले डॉक्टर चकित झाले. मार्च 1945 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची बातमी केली. आपल्याकडे ‘के-नेल’ म्हणून ती अनेक दशकं चालली. तिच्या टोकाशी एक डोळा असायचा, त्यात आकडी अडकवून ओढायची: काढण्याची सोय असलेलं दुर्मीळ उदाहरण. आजच्या इंटरलॉकिंग सळईच्या माथ्यावर आतून आटे असतात. त्यात एक दांडा घट्ट बसवतात, दांड्यावर सरकता हातोडा चढवतात आणि तो मागे आपटत सळई बाहेर आणतात. इथेही एक खुबी आहे: दांडा नीट बसेपर्यंत आडव्या स्क्रूंपैकी एक ठेवायचा, नाहीतर सळई आतल्या आत फिरते किंवा खाली सरकते.

ओढण्याच्या या कसरतीला आपल्याकडे फार जुना पूर्वज आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एकशे एक यंत्रं मोजली आहेत आणि त्यात हात हे मुख्य यंत्र मानलं आहे. चिमट्यांना पशुपक्ष्यांच्या तोंडांची नावं दिली आहेत. त्यातला कंकमुख, म्हणजे बगळ्यासारख्या लांब चोचीचा, श्रेष्ठ, कारण तो सहज आत जातो, वळतो आणि रुतलेलं घट्ट धरून बाहेर आणतो. सत्ताविसाव्या अध्यायात हाडात रुतलेला बाण हाताने निघाला नाही तर काय करावं ते सांगितलंय: तो धनुष्याच्या दोरीने घोड्याच्या लगामाला बांधावा आणि घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे तो झटक्याने मान वर करतो; किंवा झाडाची वाकवलेली फांदी सोडावी. रोग्याचं काय होत असेल हा विचार बाजूला ठेवला, तर तत्त्व सरकत्या हातोड्याचंच आहे: हाताच्या सततच्या ओढीपेक्षा सरळ रेषेतला एक झटका.

सळई मध्येच तुटली असेल तर वरचा तुकडा निघतो, खालचा खोल पोकळीत राहतो. मग लांब आकडी तुकड्याच्या पोकळीतून पार घालून टोकाशी अडकवायची, नाहीतर गोळीच्या टोकाची तार आत सारून तिच्या शेजारी दुसऱ्या तारा कोंबायच्या, म्हणजे गोळी मागे सरकू शकत नाही आणि तुकडा तिच्याबरोबर येतो. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत चाललेला हा खेळ कधी दहा मिनिटांत संपतो, कधी संपता संपत नाही.

कृत्रिम सांधा काढणं ही वरची इयत्ता. ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलला गेला आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द घरोघरी पोचला, पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ गुडघा विकसित केला. त्या काळात बसवलेल्यांपैकी काही सांधे आता झिजले असणार, ते पुन्हा बदलावे लागतात. खुब्यातला दांडा सिमेंटने बसवला असेल तर दांडा निघतो, पण सिमेंटचा पाइप आत राहतो. तो लांब छिन्न्यांनी किंवा अल्ट्रासाउंडने मऊ करून तुकड्यातुकड्याने काढतात. बिनसिमेंटचा असेल तर हाड आणि धातू यांच्यामधून पात्यासारख्या पातळ, वाकणाऱ्या छिन्न्या फिरवतात, काही ठिकाणी जिगली करवत वापरतात. इटलीच्या जिगली या प्रसूतितज्ज्ञाने अडलेल्या बाळंतपणासाठी केलेली ही तारेची करवत हाडांच्या डॉक्टरांनी कायमची दत्तक घेतली. तरीही दांडा हलला नाही तर मांडीच्या हाडाचा बाहेरचा भाग झाकणासारखा उघडतात आणि नंतर तारांनी बांधतात. खुब्याच्या वाटीसाठी वाटीच्याच वळणाची पाती असतात; मध्यबिंदू धरून ती गोल फिरवली की हाड फार न जाता वाटी सुटते.

या शस्त्रक्रियांचा हिशेब पैशांतही कळतो. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला 54,720 रुपये आणि दुसऱ्या वेळच्या, म्हणजे रिव्हिजनच्या गुडघ्याला 1,13,950 रुपये ठरले. सदोष ‘एएसआर’ खुब्याचं प्रकरण तर सर्वांना माहीत आहे: ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून ते परत मागवले गेले, भारतात सुमारे 4,700 जणांना बसवलेले होते, आणि 2018 मध्ये केंद्रीय समितीने किमान 20 लाख रुपये भरपाई सुचवली. भरपाईची चर्चा खूप झाली. एकदा काढलेल्या सांध्याबरोबर गेलेलं हाड परत येत नाही, ही बाजू मात्र बातम्यांत फारशी दिसली नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. हाडाचं सामान बनवणारे उत्पादक इथे उदंड आहेत: वढवाण, राजकोट, अहमदाबाद, मुंबई. महाराष्ट्रात देवरुखजवळच्या साडवलीत ॲडलर मेडिइक्विपने ‘सुश्रुत’ नावाखाली मोठा पसारा उभा केला, 2013 मध्ये तो स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने घेतला. माल चांगला-वाईट दोन्ही प्रकारचा असतो, पण काढताना त्रास देते ती विविधता. एकाच्या स्क्रूला अडीच मिलिमीटरची षट्कोनी खोबण, दुसऱ्याच्या तारा-आकाराची. सळईच्या माथ्यावरचे आटे प्रत्येकाचे निराळे. बसवताना डीलरचा माणूस कंपनीची पेटी घेऊन हजर असतो. काढताना कंपनी बंद झालेली असते, डीलर बदललेला असतो किंवा ऑपरेशन परराज्यात झालेलं असतं. म्हणून ‘युनिव्हर्सल’ संच लागतो, ज्यात हरतऱ्हेची टोकं असतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहुल शुक्ल यांनी तर शुक्ला मेडिकल नावाने केवळ काढण्याच्या हत्यारांचाच धंदा केला, यावरून गरज किती मोठी असेल ते समजावं. आपल्याकडे लहान हॉस्पिटलं असा संच विकत घेण्याऐवजी भाड्याने मागवतात. त्यातली टोकं अनेकांच्या हातांनी झिजलेली असतात, आणि झिजलेला पाना चांगली खोबणही बिघडवतो. माझ्या मते इथे काटकसर करू नये. पान्यांची टोकं धारेच्या वस्तूंसारखी वेळोवेळी बदललीच पाहिजेत.

काहींचा धातू शेवटपर्यंत सोबत राहतो. राख सावडायला गेलेल्यांना अस्थींमध्ये सळई सापडते. चितेच्या आगीत ना स्टील वितळत ना टायटॅनियम. काहीजण ती तिथेच ठेवतात, काही अस्थींबरोबर इंद्रायणीत सोडतात. नेदरलँडमध्ये 1997 पासून ऑर्थोमेटल्स ही कंपनी दाहगृहांतला असा धातू गोळा करून पुन्हा वापरात आणते.

राहता राहिला कागद. काढणाऱ्या डॉक्टरला सगळ्यात मोठी मदत कुठल्या हत्यारापेक्षा एका माहितीची होते: आत कुणाचं, कुठल्या मापाचं, कोणत्या खोबणीचं सामान आहे. ही माहिती असली तर नेमका संच मागवता येतो, नसली तर एक्स-रेवरून तर्क करायचा. युरोपने 2021 पासून शरीरात बसवलेल्या वस्तूचं कार्ड रुग्णाला देणं सक्तीचं केलं, पण त्यातून स्क्रू, पट्ट्या, तारा आणि पिना वगळल्या. म्हणजे जी गोष्ट काढायची वेळ सगळ्यात जास्त येते तिलाच कार्ड नाही. आपल्याकडे निर्जंतुक पाकिटातून येणाऱ्या सामानावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. ते हॉस्पिटलच्या फाइलला चिकटवतात आणि बिलासोबत विमा कंपनी आवर्जून मागते. रुग्णाच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘प्लेटिंग केले’ एवढंच लिहिलेलं असतं. बिल पाठवण्याआधी त्या पानाची झेरॉक्स काढून एक्स-रेच्या पाकिटात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.