कायद्यातले शब्द (लेखांक सातवा) : ‘पारशी’ म्हणजे कोण?

१८६५ सालच्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यात सुरुवातीलाच व्याख्यांचे कलम आहे. विवाह म्हणजे पारशांमधला विवाह, पती म्हणजे पारशी पती, पत्नी म्हणजे पारशी पत्नी, असे ते सांगते. ‘पारशी’ म्हणजे कोण, हे मात्र त्या कलमात नाही आणि पुढे संपूर्ण कायद्यात कुठेही नाही. ज्या एका शब्दावर सगळ्या तरतुदी उभ्या होत्या, तोच मोकळा सुटला. तो धर्माचा शब्द की वंशाचा, हे ठरवण्याचे काम न्यायालयांकडे आले. त्यांनी दिलेल्या उत्तराने अनेक घरांचे, विशेषतः बायकांचे, कायद्यातले स्थान ठरले.

व्याख्या राहून गेली ती निव्वळ नजरचुकीने नव्हे. त्या काळी मुंबईत पारशी कोण, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. अडचण वेगळी होती. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सनदेत हिंदू आणि मुसलमान यांना आपापले कायदे राखून दिले होते. पारशी त्या दोहोंत बसत नव्हते, म्हणून मुंबई शहरात त्यांच्यावर इंग्रजी कायदा लागू व्हायचा. मुंबईबाहेर मुलखात १८२७ च्या रेग्युलेशनप्रमाणे जातीच्या आणि देशाच्या रूढीला मान होता. त्यामुळे एकाच कुटुंबातल्या दोन भावांना, एक फोर्टात आणि एक सुरतेला राहत असेल तर, दोन वेगळे कायदे लागत. विवाहाच्या बाबतीत तर इंग्रजी कायदाही हात वर करी. एका पारशी पत्नीने नांदवून घेण्यासाठी व पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या धर्मखात्यात दावा लावला होता. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की, ते खाते ख्रिस्ती विवाहांसाठी आहे, पारशी विवाहावर त्याचा अधिकार चालत नाही. पारशी पंचायतीचा जुना धाक तोवर ओसरला होता. नवऱ्याने दुसरी बायको केली तर पहिलीने जायचे कुठे, याला उत्तर उरले नाही.

या अडचणींतून, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाआधीच, १८५५ साली मुंबईत ‘पारशी लॉ असोसिएशन’ उभी राहिली होती. नवरोजी फर्दुनजी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे त्यातले पुढारी. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८६५ मध्ये कायदा झाला. समाजाने स्वतः मागून घेतलेला हा कायदा होता, हे विसरता येत नाही. त्याने द्विविवाहाला बंदी घातली. आशीर्वादाचा विधी पारशी धर्मगुरूने दोन पारशी साक्षीदारांसमोर केला असेल तरच विवाह वैध, असे ठरवले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे पारशी मुख्य विवाह न्यायालये स्थापन केली. तिथे न्यायाधीशासोबत समाजातून निवडलेले ‘डेलिगेट’ बसत. कायद्याचा मुद्दा न्यायाधीशाने सांगायचा, आणि छळ झाला की नाही, व्यभिचार घडला की नाही, ही वस्तुस्थिती डेलिगेटांनी बहुमताने ठरवायची. हे डेलिगेटही पारशीच असले पाहिजेत, अशी अट होती. पती, पत्नी, धर्मगुरू, साक्षीदार, पंच अशा सगळ्यांच्या मागे तोच एक अव्याख्यात शब्द होता.

घटस्फोटाची कारणे स्त्री-पुरुषांना सारखी नव्हती. पत्नीच्या व्यभिचारावर पतीला काडीमोड मिळे. पतीचा संबंध वेश्येशी असेल, तर तेवढ्यावरून पत्नीला घटस्फोट मागता येत नसे. तशी सूट कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती. या न्यायालयात उभी राहणारी बाई आधीच अर्धी हरलेली असायची. तिला ‘तू पारशी पत्नीच नाहीस’ असे सांगितले गेले, तर आत शिरण्याचा मार्गही बंद होई.

शब्दाचा अर्थ सरकारी कायद्यांतही एकसारखा नव्हता. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना एक निवेदन करावे लागे: आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म पाळत नाही. म्हणजे १८७२ च्या कायद्याला ‘पारशी’ हा धर्म वाटत होता. धर्म असेल तर तो सोडता येतो, आणि निदान तत्त्वतः स्वीकारताही येतो. वंश मात्र जन्माने येतो आणि मरेपर्यंत राहतो. या दोन अर्थांमधली दरी पहिली तीसेक वर्षे कुणाच्या फारशी लक्षात आली नाही, कारण बहुतेक पारशांची लग्ने पारशांतच होत.

दरी उघडी पडली एका लग्नामुळे. रतनजी दादाभाई टाटा यांनी १९०२ साली पॅरिसमध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी विवाह केला. १९०३ मध्ये मुंबईत तिची नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाली, तिने सुद्रे-कुस्ती धारण केली आणि मग आशीर्वादाचा विधी झाला. विधी करणारे दस्तूर नामांकित होते. समाजात मात्र वादळ उठले. परधर्मी स्त्रीला, जुद्दीन स्त्रीला, अग्यारीत प्रवेश मिळावा का? मेल्यावर दख्म्यात जागा मिळावी का? पंचायतीच्या धर्मादाय निधीवर तिचा हक्क पोचतो का? १९०६ साली सर दिनशा माणेकजी पेटिट आणि इतरांनी पंचायतीच्या विश्वस्तांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्यात विश्वस्तांच्या नेमणुकीचा मुद्दा होता आणि दीक्षा घेतलेल्यांच्या हक्कांचाही.

खटला न्या. दिनशा दावर आणि न्या. फ्रँक बीमन यांच्यापुढे चालला. दावर हे या न्यायालयावर बसलेले पहिले पारशी न्यायाधीश. मराठी वाचकांना त्यांचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी त्यांनी वकिली केली होती, आणि जुलै १९०८ मध्ये त्याच टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा त्यांनीच दिली. पारशी खटल्याचा निकाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आला. धर्मगुरूंच्या, पंडितांच्या साक्षी झाल्या, जुने ग्रंथ आणि कागद उलगडले गेले. दावर यांनी मान्य केले की, जरथुष्ट्री धर्मात परक्याला घेण्याला मनाई नाही. पण धर्मात येणे म्हणजे समाजात येणे नव्हे, असे त्यांनी ठरवले. ‘जरथुष्ट्री’ हा धर्मवाचक शब्द, ‘पारशी’ हा वंशवाचक, असे ते दोन शब्द त्यांनी वेगळे केले.

मग त्यांनी पारशी समाजात कोण मोडते, हे तीन वर्गांत सांगितले. पहिला वर्ग, इराणातून आलेल्या मूळ स्थलांतरितांचे वंशज, ज्यांचे आईबाप दोघेही जरथुष्ट्री आहेत आणि जे स्वतः तो धर्म पाळतात. दुसरा, इराणातून तात्पुरते किंवा कायमचे हिंदुस्थानात आलेले जरथुष्ट्री इराणी. तिसरा, पारशी पित्याची परक्या आईपासून झालेली मुले, रीतसर धर्मात घेतलेली असतील तर. पारशी आईची परक्या बापापासून झालेली मुले या यादीत नाहीत. दीक्षा घेतलेली परकी स्त्रीही नाही. सुझान आणि रतनजी यांचा १९०४ साली जन्मलेला मुलगा जहांगीर, पुढे सगळ्या देशाला जे. आर. डी. टाटा म्हणून परिचित झालेला, या यादीप्रमाणे पारशी ठरतो. त्याची आई ठरत नाही. एकाच घरात मुलगा आत आणि आई बाहेर.

न्या. बीमन यांनी स्वतंत्र निकाल लिहिला. त्यांनी पारशी समाजाची तुलना सरळ जातीशी केली आणि त्या जातीचा पाया वंशात असल्याचे म्हटले. हिंदुस्थानाबद्दल ब्रिटिश न्यायाधीशांचा हा नेहमीचा ठोकताळा होता. लोकांचा कुठलाही गट दिसला की त्याला जातीच्या साच्यात बसवायचे. पण त्या साच्याला पारशांनीही विरोध केला नाही, हे तितकेच खरे. १८८२ साली माझगावात पारशी पुरुषांच्या परक्या बायकांपासून झालेल्या मुलांच्या नवजोती झाल्या, तेव्हापासून समाजात एक धास्ती होती. परक्यांना दार उघडले की खालच्या मानल्या गेलेल्या जातींतले गरीब लोक धर्मादाय निधीच्या ओढीने आत येतील, ही ती धास्ती. वंशाच्या व्याख्येमागे रक्ताइतकाच पैशाचा हिशेब होता, आणि जातीचा तिरस्कारही होता.

हा खटला निधीचा होता, घटस्फोटाचा नव्हता. दीक्षितांच्या हक्कांचा मुद्दा त्या निकालासाठी आवश्यकही नव्हता, असे अनेक कायदेपंडितांचे मत आहे. तरी शब्द तोच असल्याने व्याख्या विवाहाच्या कायद्याकडे सरकली. १८६५ च्या कलमाशेजारी ती ठेवली की परिणाम लगेच दिसतो. समजा, परक्या, ख्रिस्ती कुळातली स्त्री नवजोत करून, आशीर्वाद घेऊन, वीस वर्षे पारशी घरात नांदली. पुढे नवऱ्याने छळ करून तिला टाकले. ती पारशी विवाह न्यायालयात गेली, तर ‘पारशी पत्नी’ या शब्दांपाशी अडते. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली जाऊ म्हटले, तर तिथे अर्जदार ख्रिस्ती धर्म पाळणारा असावा लागे, आणि तिने तो कधीच सोडलेला. एक धर्म तिने सोडला, दुसऱ्याने तिला घेतले, पण कायद्याच्या लेखी ती दोन्हीकडची नाही. वंशाच्या व्याख्येचा सगळ्यात मोठा भार अशा बाईवर पडत होता, आणि ज्या दाव्यातून ती व्याख्या निघाली त्यात तिचा संसार कुणी विचारात घेतलेला नव्हता.

व्याख्येला साम्राज्याच्या सर्वोच्च पीठाची मोहर लागली ती रंगूनच्या खटल्यात. बेला ही पोरकी मुलगी तिथल्या पारशी घरात वाढली. तिची आई पारशी आणि बाप गोव्याकडचा ख्रिस्ती, असे सांगितले जाई. तिची नवजोत झाली आणि ती अग्यारीत गेली, म्हणून समाजातल्या काहींनी न्यायालय गाठले. खटला लंडनपर्यंत पोचला. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबईची व्याख्या उचलून धरली. बेला जरथुष्ट्री असली तरी पारशी नाही, अग्यारीत जाण्याचा तिला हक्क नाही. विश्वस्तांनी तिला येऊ दिले तर तो त्यांचा प्रश्न. बाप गोव्याचा निघाल्याने आईचे पारशीपण मुलीच्या उपयोगी पडले नाही.

१९३६ साली जुना कायदा रद्द होऊन नवा पारशी विवाह व घटस्फोट कायदा आला. वेश्येची सूट गेली, पत्नीच्या बाजूने कारणे वाढली. आणि एकाहत्तर वर्षांनी शब्दाला व्याख्या मिळाली: ‘पारशी’ म्हणजे पारशी जरथुष्ट्री. व्याख्येत तोच शब्द पुन्हा आल्याने उत्तर अर्धेच राहिले. तरी वंश आणि धर्म दोन्ही हवेत, एवढे त्यातून निघाले. याच कायद्याने घटस्फोटाचे एक नवे कारण दिले. जोडीदार धर्म बदलून पारशी राहिला नसेल, तर दुसऱ्याला काडीमोड मागता येईल, मात्र कळल्यापासून दोन वर्षांच्या आत. आणि एक पाश घातला. या कायद्याने विवाहबद्ध झालेला पारशी धर्म बदलला किंवा देश बदलला, तरी रीतसर घटस्फोट होईपर्यंत त्या विवाहाने बांधलेलाच राहील. आत येताना जन्म पाहणाऱ्या कायद्याने बाहेर जाताना धर्म पाहिला, आणि बाहेर गेल्यावरही गाठ सोडली नाही.

धर्मांतर करून विवाह तोडता येतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे १९४६ साली एका इराणी जोडप्याच्या दाव्यात आला. त्यांचे लग्न इराणात जरथुष्ट्री विधीने झाले होते. पुढे पत्नीने इस्लाम स्वीकारला, पतीलाही स्वीकारायला सांगितले. त्याने नकार दिल्यावर, मुस्लिम कायद्याप्रमाणे विवाह संपला असे जाहीर करा, अशी तिने मागणी केली. न्या. छागला यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. एका कायद्याखाली दोघांनी मिळून बांधलेली गाठ एकाने दुसरा धर्म घेतल्याने सुटत नाही, दोन धर्मांच्या कायद्यांत निवड करताना न्याय आणि औचित्य पाहायचे, असा त्या निकालाचा रोख होता. वंशाचा शब्द इथे न्यायालयाने वापरला नाही. लग्न कोणत्या कायद्याने झाले, एवढेच त्याने विचारले.

इराण्यांचा प्रश्न मात्र राहिला होता. यझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात आलेले हे लोक मुंबई-पुण्याच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटून स्थिरावले. धर्म पारशांचाच, पण संजाणला उतरलेल्या पारशांच्या पहिल्या टोळीशी त्यांचा संबंध नाही. ते ‘पारशी जरथुष्ट्री’ ठरतात का? साठच्या दशकात एका इराणी पती-पत्नीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने १९०८ च्या निकालातला दुसरा वर्ग पुढे घेतला आणि ते ठरतात असा निर्णय दिला. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी धर्मादाय निधीसाठी लिहिलेल्या यादीने आता विवाह न्यायालयाचे दार कुणाला उघडायचे, हे ठरवले. १९८८ मध्ये १९३६ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, परस्परसंमतीचा घटस्फोट आला. कलम २ मधली ‘पारशी’ची व्याख्या तशीच ठेवली गेली.