पांढरी सलाईन आणि रक्तातल्या पेशी

"सिस्टर, शिरेतून दूध देतात काय हो?" आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाईकांनी हे आम्हाला कितीदा तरी विचारले आहे. पेशंटच्या उशाशी लटकणारी ती पांढरी पिशवी दुधाची नसते. सोयाबीनचे तेल पाण्यात मिसळून, अंड्याच्या बलकातल्या घटकाने एकजीव केलेले असते. पोटातून किंवा नाकातल्या नळीतून अन्न देता येत नाही तेव्हाच हे जेवण शिरेतून द्यायचे. आतडे चालत असेल तर नळीच बरी. स्वीडनमधले संशोधक आर्विद व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे तेल वापरात आणले. त्याआधी सरकीच्या तेलाची सलाईन होती. तिने ताप, कावीळ असे त्रास होत, म्हणून ती बंद पडली.

तेलाचे थेंब तांबड्या पेशीपेक्षा कितीतरी लहान असतात, त्यामुळे ते बारीक शिरांत अडकत नाहीत. निरोगी शरीर ते वापरून टाकते. पण जंतुसंसर्गाने खंगलेल्या किंवा यकृत थकलेल्या पेशंटला ते झेपत नाही. तेल जास्त किंवा भराभर गेले की रक्तात चरबी साठते, यकृत आणि प्लीहा सुजतात. मग प्लेटलेट घटतात, तांबड्या पेशी फुटतात, पांढऱ्याही कमी होतात. ताप, कावीळ, हिरड्यांतून रक्त ही त्याची लक्षणे. असे क्वचितच होते आणि वेळीच थांबवले तर बहुतेकदा उतरते.

म्हणून ही सलाईन पंपावर, सावकाश चालते. एकदा एका मावशींनी "लवकर ताकद येऊ दे लेकाला" म्हणत सलाईनचे चाक पुढे सरकवले होते. माया होती हो, पण आम्ही धावत जाऊन ते बंद केले. चाकाला हात लावू नका.

डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच: ट्रायग्लिसराईड आणि सीबीसी कधी तपासले, प्लेटलेट किती आहेत? ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर गेले तर तेल कमी करतात किंवा थांबवतात. पैसे वाचवायला ही तपासणी टाळू नका, पिशवीच्या मानाने ती स्वस्त पडते. झोपेसाठी देतात ते पांढरे प्रोपोफॉलही याच तेलात बनते, तेही हिशेबात धरावे लागते.

आणखी एक. रक्तात चरबी तरंगत असेल तर मशीन हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. नमुना चालू सलाईनच्या नळीतून घेतला तर असेच होते. रिपोर्ट चांगला आणि पेशंट मात्र पांढराफटक, असे दिसले तर दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घ्यायला सांगा.

अंडे किंवा सोयाबीन अंगावर उठत असेल, तर ते भरती करतानाच सांगायचे. वस्तीतल्या दवाखान्यात "अशक्तपणाला ती पांढरी सलाईन लावा" म्हणून मागू तर अजिबात नका.