जुन्या गाडीचा नंबर

गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी पुण्यात नोकरीला लागली. घरची जुनी मारुती ८०० तिच्यासोबत दिली. महिन्याभरात तिचा फोन आला, "अब्बा, गाडीचा नंबर बदलून मिळतो का?"

ती राहते त्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. एमएच ३३ म्हणजे कुठलं, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. गडचिरोली म्हटल्यावर डिकी उघडायला लावली. तेव्हापासून रोजच उघडायला लावतो. बाकीच्या गाड्या तशाच आत जातात. "आणि नाव सांगितलं की आणखी दोन मिनिटं जातात," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते हसणं ठाऊक आहे.

गाडी २००८ची. मी ती २०११ साली गडचिरोलीच्या एका निवृत्त वनपालाकडून घेतली. आम्ही चंद्रपूरचे, म्हणजे खरं तर ३४वाले. हे आकडे १ जुलै १९८९ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला तेव्हापासूनचे. नागपूर ३१, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४. गडचिरोली आमच्याच जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळी झाली, आणि सात वर्षांनी लेकीला आईच्या आधीचा आकडा मिळाला! पुण्याच्या वॉचमनला मात्र ३४ काय नि ३३ काय, दोन्हीकडे जंगलच.

मी परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "नाही जी काका, चालत्या गाडीचा नंबर बदलत नसते. मालक बदलते, पत्ता बदलते, नंबर तोच राहते." जिल्हा बदलला तरी तोच. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर मात्र तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. सिरोंचा-राजुऱ्याकडे तेलंगणाच्या गाड्या नेहमी दिसतात. त्यातली एखादी इकडे कायमची आली, तर तिला एमएचचा नंबर घ्यावाच लागेल. आमची गाडी राज्याबाहेर गेलेलीच नाही. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३ साली पाच हजार रुपये आणि पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवली, तेव्हाही नंबर जुनाच राहिला.

मला नवल वाटलं नाही. माझे वडील बल्लारपूरच्या लाकूड डेपोत होते. तिथं सागाच्या प्रत्येक लठ्ठ्यावर घणाचा ठसा आणि आकडा असे. लिलावात लठ्ठा कुणाचाही झाला तरी आकडा लठ्ठ्याचाच. इंग्लंडात म्हणे जुन्या गाडीलाही विकतचा नंबर लावता येतो, फक्त त्यामुळे गाडी आहे त्याहून नवी भासता कामा नये. आपल्याकडे पसंती सांगायची ती गाडी नवी असताना, नोंदणीच्या वेळी.

ती पसंतीही महाग आहे. राज्य सरकारनं २०२४च्या ऑगस्टमध्ये दर वाढवले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर तीन लाखांचे पाच लाख झाले, मुंबई-पुण्यात सहा. ०७८६ दीड लाखावरून अडीच लाखांवर गेला. एकाच नंबरावर दोघांचा डोळा असेल तर जास्त रकमेची चिठ्ठी ज्याची, त्याचा नंबर.

७८६चं मला पूर्वी फार आकर्षण होतं, हे कबूल करतो. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. अलिफ एक, बे दोन, लाम तीस. या गणिताला अबजद म्हणतात. 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज ७८६ होते. उर्दू-फारसीचे शायर याच हिशेबानं जन्म-मृत्यूची सालं ओळीत गुंफत. आपल्या जुन्या ग्रंथकारांनीही चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असे शब्द वापरून शक लिहिलेच की. पण अल्लाहचं नाव घ्यायला अडीच लाख कशाला लागावेत? आणि आज वाटतं, तो नंबर लेकीच्या गाडीवर असता तर वॉचमनला नावही विचारावं लागलं नसतं.

आकड्याला भिणारेही पुष्कळ. माझ्या एका मित्राला बेरीज नऊच हवी असते. ४२० आणि ३०२ कुणालाच नको असतात. गंमत अशी की १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे दोन्ही आकडे निर्दोष सुटले. फसवणूक आता ३१८मध्ये गेली, खून १०३मध्ये. भीती मात्र अजून जुन्याच आकड्यांवर बसलेली आहे.

ज्यांना मनासारखा नंबर मिळत नसे ते पेंटरकडे जात. इंग्रजी २१४ जरा वळवला की 'राम', ४१४१चा 'दादा', ८०५५चा रोमन लिपीतला 'बॉस'. मीही एकदा ब्रह्मपुरीच्या पेंटरकडून देवनागरी आकड्यांची पाटी करून घेतली होती. मराठी कवीची गाडी, मराठी आकडे! नियमाला रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात. दंड भरला आणि पाटी माळ्यावर टाकली.

आता ती सोयही संपली. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. ॲल्युमिनियमचा पत्रा, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ची होती, ती पुढं वाढत गेली. ऑनलाइन वेळ घ्यायची, तिथं गाडी न्यायची. मुलगी सुटीत गाडी घेऊन आली, तेव्हा आम्ही चंद्रपुरातच ती बसवून घेतली.

पोरगा पाटी बसवत होता आणि मी शेजारी उभा राहून बोटांवर मोजत होतो. आमचे शेवटचे आकडे ०१०३. अबजदमध्ये जीम तीन, नून पन्नास, गाफ काफसारखा धरला तर वीस, लाम तीस. जंगल! चौदा वर्षं गाडी चालवली आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी मुलीला सांगितलं.

ती थोडा वेळ पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बदलायचा नाही, अब्बा. वॉचमनलाही हेच सांगेन, ३३ पण जंगल आणि १०३ पण जंगल." गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "फक्त ते नवं कलम तेवढं त्याला सांगू नका."